लाल टोपी, पांढरी टोपी

१५ ऑक्टोबर १८९० ची सकाळ. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या मात्सुए गावात, जुन्या किल्ल्याच्या पटांगणावर आठ वाजता पिस्तुलाचा बार झाला आणि शिमाने प्रांतातल्या शाळांच्या शर्यती सुरू झाल्या. चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या खेड्यापाड्यांतून मुलं आली होती. शर्यतींत उतरणारी मुलं-मुलीच सहा हजारांच्या घरात. आईबाप, नातेवाईक आणि शिक्षक लाकडी बाकांवर दाटीवाटीनं बसलेले. वर किल्ल्याच्या तटावर तर बघ्यांची इतकी गर्दी की गावातली एक-तृतीयांश माणसं तिथंच लोटली असावीत, असं एका पाहुण्यानं लिहून ठेवलं आहे.

हा पाहुणा म्हणजे लाफ्काडिओ हर्न. जेमतेम दीड महिन्यापूर्वी तो इंग्रजीचा मास्तर म्हणून मात्सुएत दाखल झाला होता. पुढं त्यानं जपानवर पुस्तकामागून पुस्तकं लिहिली आणि जपानी नाव घेऊन तो तिथलाच झाला. त्याच्या रोजनिशीवजा लेखात या दिवसाचं वर्णन आहे आणि ते वाचताना सगळ्यात जास्त मजा येते ती ‘किल्ला घेण्या’च्या खेळात. बांबूच्या सांगाड्यावर कागद ताणून पंधरा फूट उंचीचे दोन बुरूज मैदानाच्या दोन टोकांना उभे केले होते. आत उघड्या भांड्यांत पेट घेणारा द्रव. मुलांच्या दोन तुकड्या लाकडी चेंडूंनी एकमेकांच्या बुरुजावर मारा करायच्या. भांडं उलटलं की बुरूज भडकायचा आणि ज्यांचा आधी पेटला ते हरले. आजच्या कुठल्याही मुख्याध्यापकाला हे नुसतं ऐकूनच घाम फुटेल.

पण हर्न भारावला तो दुसऱ्याच गोष्टीनं. एका इशाऱ्यासरशी सहा हजार मुलं रांगा धरून उभी राहिली. लाकडी मनोऱ्यांवरून कवायतीचे मास्तर आज्ञा देत होते आणि सहा हजार हातांच्या जोड्या एकदम वर, एकदम खाली. चपला घातलेले सहा हजार मुलांचे पाय एकाच ठेक्यात पुढं-मागं. डंबेल्सच्या कवायतीचे आकडे सगळे मिळून म्हणत होते: इचि, नि, सान, शि. संध्याकाळी पाच वाजता राष्ट्रगीत, सम्राटाचा जयजयकार आणि पांगापांग.

जपानी भाषेत या दिवसाला ‘उंदोकाई’ म्हणतात. शाळेचा क्रीडामेळा, असं ढोबळपणे म्हणता येईल. जपानमध्ये प्राथमिक शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या आठवणीत एक तरी उंदोकाई असते. डोक्यावर एका बाजूनं लाल आणि उलटी केली की पांढरी अशी टोपी, वर शरदातलं निळं आभाळ, खाली धुळीत चुन्यानं आखलेल्या रेघा. या मेळ्याचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास धुंडाळला की एक रस्सीखेच दिसू लागते. एका टोकाला सरकार, त्याला मुलांची शरीरं घडवायची होती. दुसऱ्या टोकाला गाव, त्याला एक सुटीचा दिवस हवा होता. मैदानाच्या कडेला, कुणाचं फारसं लक्ष नसताना, डॉक्टर आणि परिचारिका आपलं काम करत होते. मुलांच्या तब्येतीच्या हिशेबात असं काम आणि शाळेतलं जेवण कवायतीहून मोलाचं ठरलं, हे आकड्यांतून दिसतं. ते आकडे पुढं येतीलच.

या मेळ्याचा जन्म मात्र शाळेत झाला नाही आणि शरदातही झाला नाही. तो झाला तोक्योतल्या त्सुकिजी भागात, नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत, २१ मार्च १८७४ रोजी. जपानी आरमाराला आधुनिक शिक्षण देण्यासाठी ब्रिटनहून आर्चिबाल्ड डग्लस या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक पथक आलं होतं. आपल्या देशातल्या शाळा-कॉलेजांसारख्या मैदानी शर्यती इथंही व्हाव्यात, ही त्या पथकाची कल्पना. कार्यक्रमपत्रिका करणाऱ्या जपानी मंडळींनी मात्र त्या इंग्रजी शर्यतींना चिनी काव्याच्या थाटातली नावं दिली. लहान मुलांची धावण्याची शर्यत म्हणजे ‘चिमणीची पिल्लं घरट्याबाहेर’. त्याहून मोठ्या मुलांची, ‘पाकोळीचं पिल्लू उडायला शिकतं’. आणि पत्रिकेत डुक्कर पकडण्याची शर्यतही होती, तिला कितीही काव्यमय नाव दिलं तरी मैदानावर काय गोंधळ उडाला असेल ते दिसतंच.

तीन पायांची शर्यत, रस्सीखेच, डोळे बांधून, पोत्यात शिरून, चमच्यात काहीतरी तोलत धावणं हे सगळं महाराष्ट्रातल्या शाळांच्या क्रीडा महोत्सवातही असतं आणि जपानमध्येही आहे, कारण दोन्हीकडं ते एकाच इंग्रजी पेटाऱ्यातून आलं. आपल्याकडं राज्यकर्त्यांबरोबर, तिकडं पगारी पाहुण्यांबरोबर. १८७५ मध्ये तोक्योला आलेला फ्रेडरिक स्ट्रेंज हा इंग्रज शिक्षक त्या पाहुण्यांपैकीच. १८८३ मध्ये त्यानं तोक्यो विद्यापीठात शर्यती भरवल्या आणि मैदानी खेळांवर एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्याआधी १८७८ मध्ये उत्तरेत साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयातही असाच एक मेळा झाला होता.

त्याच १८७८ मध्ये जॉर्ज लेलँड हा अमेरिकन डॉक्टर तोक्योच्या नव्या व्यायाम-प्रशिक्षण संस्थेत रुजू झाला. ॲमहर्स्ट कॉलेजात शिकलेल्या या गृहस्थानं हलक्या कवायतीची पद्धत आणली: छोटे लाकडी डंबेल्स, काठ्या, रिंगा आणि तोंडानं आकडे. तीनेक वर्षांत तो परत गेला, पण त्याच्या हाताखाली तयार झालेले मास्तर देशभर पसरले. मात्सुएच्या पटांगणावर हर्ननं ऐकलेलं इचि-नि-सान-शि हे बारा वर्षांपूर्वीच्या या वर्गातून निघून तिथवर पोचलं होतं.

इथवर ठीक. पण एवढ्यानं गावोगावच्या प्राथमिक शाळा मैदानात उतरल्या नसत्या. त्यासाठी मोरी आरिनोरी यावा लागला. १८८५ मध्ये जपानचं पहिलं मंत्रिमंडळ झालं आणि मोरी शिक्षणमंत्री झाला. जपानी माणसाच्या ठायी सगळ्यात मोठी उणीव शरीरबळाची आहे, हे त्याचं मत जुनंच होतं. १८७९ मध्येच त्यानं या विषयावर व्याख्यान दिलं होतं. मंत्री झाल्यावर त्यानं शाळांत लष्करी धाटणीची कवायत आणली. सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम १८७३ मध्येच निघाला होता, तेव्हा आजचा शाळकरी पोरगा हा उद्याचा शिपाई, हे गणित उघड होतं. शाळांनी क्रीडामेळे भरवावेत म्हणून वरून आग्रह सुरू झाला. फेब्रुवारी १८८९ मध्ये, राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, एका माथेफिरूनं मोरीवर सुरा चालवला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मेळे मात्र चालू राहिले.

अडचण एकच होती, मैदान. त्या काळच्या बहुतेक प्राथमिक शाळा देवळात, कुणाच्या वाड्यात नाहीतर दोन खोल्यांत भरत. मग आजूबाजूच्या पाच-दहा शाळा मिळून एखादी नदीकाठची मोकळी जागा, देवराईचं आवार किंवा समुद्राची पुळण ठरवत आणि मुलं झेंडे घेऊन, गाणी म्हणत, ओळीनं तिथं चालत जात. या जाण्या-येण्यालाही कवायतीचाच मान होता. शिपायांच्या कूचासारखं चालायचं, पोचायचं, खेळायचं आणि परत यायचं. शाळेची सहल आणि क्रीडामेळा हे जपानमध्ये असे एकाच वाटेवर सुरू झाले आणि पुढं वेगळे झाले. सहल रताळी खणायला शेतावर गेली, मेळा शाळेच्या अंगणात आला.

तो अंगणात आला त्यालाही एक सरकारी कारण आहे. १९०० च्या सुमारास प्राथमिक शाळांच्या नियमांत व्यायामाच्या जागेची अट आली आणि शाळाशाळांना हळूहळू स्वतःचं मैदान मिळालं. मग दहा शाळांचा मेळा मोडून प्रत्येक शाळेचा आपापला झाला. आणि इथंच सरकारच्या हातातला दोर सुटला. शाळा गावाच्या मधोमध, मैदान गावाच्या पैशातून आणि घामातून झालेलं, पोरं गावाची. तेव्हा मेळाही गावाचाच झाला. घरातली म्हातारी माणसं सतरंज्या घेऊन पहाटेच जागा धरू लागली. खाऊची दुकानं लागली. तरुण मंडळाची धावण्याची शर्यत, बायकांची शर्यत, आळीआळीची रस्सीखेच असे कार्यक्रम वाढत गेले. जपानी समाजशास्त्रज्ञ योशिमी शुन्या यांनी या बदलाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. वरून आलेल्या शिस्तीच्या कार्यक्रमाला गावानं आपल्या जत्रेच्या साच्यात कसं बसवून घेतलं, हे त्यातून कळतं. शिक्षण खात्याला ही चैन आवडत नव्हती. पण जत्रा आवडली नाही म्हणून बंद पडत नसते.

शरदाशी गाठ पडली ती या काळात. मेइजी सम्राटाचा वाढदिवस ३ नोव्हेंबरचा आणि त्या सुमाराला मेळा भरवणं शाळांना सोयीचं होतं. भातकापणीच्या आगेमागे थोडी उसंत असते, वादळांचा हंगाम सरत आलेला असतो, हवा कोरडी होते. वसंतातले मेळेही होते, पण गावाला सोईचा शरदच. उत्तरेकडचं होक्काइदो बेट याला अपवाद. तिथं ऑक्टोबरात हात गारठतात, म्हणून तिथले मेळे पूर्वीपासूनच मे-जूनमध्ये होतात.

खेळांची यादी तेव्हापासून आजवर फारशी बदललेली नाही. उंच काठीच्या टोकाला टोपली आणि खाली दोन रंगांच्या कापडी चेंडूंचा सडा. शिट्टी झाली की चेंडू टोपलीत फेकायचे. मुलांच्या डोक्यांहून उंच असा प्रचंड चेंडू ढकलत न्यायचा. तिघांनी घोडा व्हायचं, चौथ्यानं वर बसून समोरच्या स्वाराची टोपी हिसकायची. दोरीला टांगलेला गोड पाव हात न लावता तोंडानं ओढून पळायचं. हा पाव बहुधा आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण भरलेला असतो. एखादं पोर धावत जाऊन पावाला तोंड लावतं, पाव झोका घेऊन कानावर आपटतो, पोर पुन्हा उडी मारतं, आणि तेवढ्यात मागून आलेली गुटगुटीत मुलगी पहिल्याच झेपेत पाव पळवते. प्रेक्षकांना एवढं पुरतं.

आणि सगळ्यांच्या मुळाशी लाल विरुद्ध पांढरा. हे रंग बाराव्या शतकातल्या यादवीतून आले. ११८० ते ११८५ या वर्षांत ताइरा आणि मिनामोतो ही घराणी लढली, त्यात ताइरांचा झेंडा लाल आणि मिनामोतोंचा पांढरा. आठशे वर्षांनी तिसरी-ब चा वर्ग त्यांच्या बाजूनं भांडतो. धावण्याच्या शर्यतीला वाजणारी धून मात्र फ्रेंच: ऑफेनबाखच्या ‘ऑर्फियस’ या विनोदी संगीतिकेतला सुसाट तुकडा, ज्यावर पॅरिसमध्ये कॅनकॅन नाच होई. पॅरिसच्या नाचघरातलं संगीत जपानी मुलांच्या शर्यतीला बसलं आणि आता ते ऐकलं की जपानी माणसाचे पाय आपोआप धावायला बघतात.

आता मैदानाच्या कडेकडं वळू.

मुलांची शरीरं सुधारायची तर ती आज कशी आहेत हे आधी मोजायला हवं, हा विचार सरकारनं केला होता. १८९७ च्या नियमांनी शाळकरी मुलांची शारीरिक तपासणी ठरवून दिली: उंची, वजन, छातीचा घेर, पाठीचा कणा, नजर, कान, दात. पहिल्या नियमात ही तपासणी वर्षातून दोनदा होती, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. म्हणजे शरदात मैदानही आखलं जायचं आणि वजनकाटाही बाहेर निघायचा. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारी शाळांना डॉक्टर नेमण्याचा हुकूम निघाला. यामागं मिशिमा मिचियोशी या डॉक्टरची खटपट होती. जपानच्या शाळा-आरोग्याचा पाया घालणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १९०० पासून देशभरातल्या शाळकरी मुलांच्या उंची-वजनाचे आकडे गोळा होऊ लागले. युद्धातली वर्षं सोडली तर ती नोंद आजतागायत चालू आहे. इतकी लांब आणि इतकी सलग नोंद जगात फार थोड्या देशांकडं असेल.

तिच्यातला पहिलाच आकडा बोलका आहे. १९०० मध्ये पहिलीच्या वयाचा, सहा वर्षांचा मुलगा सरासरी १०७ सेंटिमीटर उंच होता. आजचा त्याच वयाचा मुलगा साधारण ११६ च्या पुढं असतो. सतरा वर्षांचा मुलगा तेव्हा १५८ सेंटिमीटरच्या आसपास होता, आता १७० ओलांडून गेला आहे.

मोजमाप झालं, पण मोजल्यानं पोर बरं होत नाही. शाळेचा डॉक्टर वर्षातून एक-दोनदा यायचा, कागद भरायचा आणि जायचा. मुलांचे डोळे मात्र लालच राहायचे. खुपऱ्यांनी तेव्हा जपान बेजार होता. हा डोळ्यांचा संसर्ग. पापणीच्या आतल्या बाजूला खरबरीत दाणे येतात, डोळा चिकटतो, पाणी गळतं आणि वारंवार होत राहिला तर पापण्या आत वळून बुबुळ घासलं जातं आणि शेवटी नजर जाते. एका टॉवेलला चार जणांनी तोंड पुसलं की तो पसरतो. वर्गात तर चाळीस मुलं बाकाला बाक लावून बसलेली. सैन्यभरतीच्या तपासणीतही खुपऱ्यांचे तरुण इतके सापडत की लष्करालाही त्याची चिंता होती.

१९०५ मध्ये गिफू प्रांतातल्या दोन प्राथमिक शाळांनी, ताकेगाहाना आणि कासामात्सु इथल्या, एक साधी गोष्ट केली. शाळेत परिचारिका नेमली. तिनं रोज यायचं, मुलांचे डोळे धुवायचे, औषध घालायचं. १९०८ मध्ये गिफू शहरातल्या क्योमाची शाळेनं हिरोसे मासु या परिचारिकेला सार्वजनिक खर्चातून कायम ठेवून घेतलं. या पेशाच्या इतिहासात तिचं नाव पहिलं येतं. तिचं काम डोळे धुण्यापाशी सुरू झालं आणि खरचटलेले गुडघे, उवा, पोटदुखी आणि घरी जाऊन आईला समजावणं इथपर्यंत वाढत गेलं. १९४१ मध्ये या बायकांना शिक्षिकेचा दर्जा मिळाला आणि युद्धानंतर तो पक्का झाला. आज जपानच्या जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेत ‘आरोग्याची खोली’ असते. तिथं एक-दोन खाटा, वजनकाटा आणि पांढरा डगला घातलेली बाई असते. ती डॉक्टर नाही, नुसती नर्सही नाही. ती शिक्षिकाच आहे आणि तिचा विषय म्हणजे मुलं स्वतः. जपानी शाळेबद्दल लिहिणारे परदेशी लोक शिस्तीबद्दल पानंच्या पानं लिहितात. या खोलीवर त्यांनी एखादं पान खर्च केलं तर बरं होईल.

ऑक्टोबरचा आणि डोळ्यांचा आणखी एक धागा आहे. १९३१ पासून जपानमध्ये १० ऑक्टोबर हा नजर जपण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. कारण मजेशीर आहे: महिना दहावा, तारीख दहावी. इंग्रजी आकड्यांतला दहा आडवा पाडला की एकाची होते भुवई आणि शून्याचा होतो डोळा. दोन दहा म्हणजे दोन डोळे.

दरम्यान कवायत रेडिओवर गेली होती. १९२८ मध्ये, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं, टपाल खात्याच्या विमा विभागानं नभोवाणीवर सकाळचा व्यायाम सुरू केला. कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची. विमेदार जितका जगेल तितकं कंपनीचं भलं, हा त्यामागचा रोकडा हिशेब. दोन वर्षांनी तोक्योतल्या एका पोलीस शिपायानं आळीतली पोरं उन्हाळी सुटीत सकाळी गोळा करून हा व्यायाम घ्यायला सुरुवात केली आणि ती टूम देशभर पसरली. आजही उंदोकाईची सुरुवात बहुतेक शाळांत याच रेडिओच्या व्यायामानं होते.

१९३० नंतरच्या दशकात सरकारनं दोर पुन्हा आपल्याकडं ओढला. १९४१ मध्ये प्राथमिक शाळांचं नाव बदलून ‘राष्ट्रीय शाळा’ झालं. मेळ्यात हातबॉम्ब फेकण्यासारखे प्रकार शिरले. आणि मग युद्ध अंगावर आलं तशी मैदानंच गेली. मुलांनी ती खणून तिथं रताळी लावली. त्या वर्षांत उंदोकाईच्या जागी रताळ्याची रोपं होती, आणि पोटाचा प्रश्न इतका बिकट होता की त्याबद्दल कुणाला हळहळायला वेळ नव्हता. युद्धानंतर पुन्हा मोजमाप सुरू झालं तेव्हा मुलं युद्धाआधीच्या मुलांपेक्षा खुजी निघाली. उंचीच्या रेघेत इतकी ठळक खळगी दुसरीकडं कुठं नाही. दशकभर शिस्त, कवायत आणि मर्दानी खेळ वाढतच गेले होते. उंची मात्र खाली आली.

ती वर नेली ती जेवणानं. शाळेत जेवण देण्याची पहिली नोंद १८८९ ची आहे. यामागाता प्रांतात त्सुरुओका इथं एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला सामन मासा आणि लोणचं मिळे. पण देशभर ते पोचलं युद्धानंतर. २४ डिसेंबर १९४६ रोजी तोक्योतल्या नागाता शाळेत परदेशातल्या मदतसंस्थांनी पाठवलेलं धान्य आणि दूधपावडर सोपवण्याचा समारंभ झाला आणि शाळेतलं जेवण पुन्हा सुरू झालं. डिसेंबरची ती तारीख सुटीत येते म्हणून जपानी शाळा आता २४ जानेवारीला हा दिवस साजरा करतात. त्या साय काढलेल्या दुधाच्या वासाबद्दल आजची ऐंशीतली माणसं अजून तोंड वाकडं करतात. १९५४ मध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा झाला. जोडीला उवांवर डीडीटीची भुकटी, जंतांवर औषध, माशाच्या यकृताचं तेल. १९५० नंतर मुलांच्या उंचीची रेघ अशी चढत गेली की वर्गातली बाकं लहान पडू लागली.

हा सगळा उत्साह एका शरदात एकवटला. १० ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, लख्ख ऊन पडलं होतं. १९६६ पासून १९९९ पर्यंत ती तारीख राष्ट्रीय सुटी होती, खेळ आणि आरोग्याचा दिवस म्हणून. प्राथमिक शाळांना हवी तशी तारीख आयती मिळाली. १९६४ मध्येच सरकारनं मुलांच्या धावण्या-फेकण्याच्या ताकदीची वार्षिक चाचणीही सुरू केली. तिचे आकडे १९८५ च्या सुमाराला सर्वोच्च होते आणि नंतर उतरत गेले. उंची वाढली, चेंडू मात्र जवळ पडू लागला.

या दशकांतली उंदोकाई म्हणजे डब्यांचा सोहळा. सकाळी सहाला शाळेतून फटाक्याचा बार उडायचा, म्हणजे आज मेळा आहे, पाऊस नाही, असं साऱ्या गावाला कळायचं. आई पहाटे चारला उठलेली. भाताचे गोळे, तळलेलं कोंबडीचं मांस, अंड्याची गुंडाळी, उकडलेले चेस्टनट असं सगळं एकावर एक ठेवलेल्या चौकोनी डब्यांत भरलेलं. दुपारी मुलं आपापल्या घरच्या चटईवर येऊन जेवायची. ज्याच्या घरून कुणी येऊ शकलं नाही ते पोर कुठं बसणार, हा प्रश्न तेव्हाही होता, पण तो मोठ्यानं कुणी विचारत नसे.

मग मैदानावर मनोरे चढू लागले. मुलांनी मुलांच्या पाठीवर गुडघे टेकून रचलेला पिरॅमिड हा मेळ्याचा कळस मानला जाऊ लागला आणि शाळाशाळांत थरांची चुरस लागली. सात थर, आठ थर, दहा थर. दहीहंडी ठाऊक असलेल्या वाचकाला ही चढाओढ नवी नाही. दहा थरांत तळच्या मधल्या मुलाच्या पाठीवर जवळपास चार मुलांचं ओझं येतं. मनोऱ्यांसह अशा सगळ्या सांघिक कसरतींत वर्षाला आठ हजारांहून जास्त मुलं जखमी होत, हे विम्याच्या नोंदींत दिसत होतं. नागोया विद्यापीठाचे उचिदा र्यो यांनी २०१४ पासून ते आकडे लोकांसमोर मांडले. तरी ‘एकजुटीचं शिक्षण’ म्हणून त्याचं समर्थन होत राहिलं. सप्टेंबर २०१५ मध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात एका माध्यमिक शाळेत दहा थरांचा मनोरा पालकांच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि एका मुलाचा हात मोडला. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुढच्या वर्षी ओसाका शहरानं आपल्या शाळांत पिरॅमिड बंद केले आणि केंद्र सरकारनंही सावधगिरीची सूचना काढली. गंमत म्हणजे त्याच २०१६ मध्ये शाळांच्या तपासणीतून बैठी उंची मोजण्याची जुनी पद्धत आणि कृमींची चाचणीही गेली. पहिलीचा उपयोग कुणाला सांगता येत नव्हता आणि दुसरीत कृमीच सापडेनासे झाले होते.

आता शरदाशी असलेली गाठही सैल होते आहे. सप्टेंबर हा सरावाचा महिना आणि अलीकडचा सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याचंच शेपूट. जुलै २०१८ मध्ये आइची प्रांतातल्या तोयोता शहरात, कीटक पकडायला जवळच्या बागेत नेलेला पहिलीतला मुलगा उष्माघातानं गेला. त्यानंतर उन्हाबद्दलचे नियम कडक झाले. तापमान, दमटपणा आणि ऊन यांचा मिळून काढलेला निर्देशांक ३१ च्या वर गेला की मैदानी व्यायाम थांबवायचा, असा दंडक आहे, आणि आरोग्याच्या खोलीतल्या बाई तो मोजणारं यंत्र घेऊन मैदानावर हजर असतात. अनेक शाळांनी मेळा मे महिन्यात नेला. काहींनी तो ऑक्टोबरच्या अखेरीस ढकलला.

२०२० च्या साथीत बहुतेक मेळे रद्द झाले. नंतर ते परतले तेव्हा अर्ध्या दिवसाचे झाले होते. पहिली-दुसरीचे पालक नऊला येतात, आपल्या मुलांच्या शर्यती बघून जातात, मग तिसरी-चौथीच्या पालकांची पाळी. दुपारच्या आत सगळं आटोपतं आणि मुलं वर्गात बसून शाळेचं जेवण जेवतात किंवा घरी जातात. आजी-आजोबांना हे मुळीच पटलेलं नाही. ते म्हणतात, डब्याशिवाय कसली उंदोकाई. नोकरी करणाऱ्या आया मात्र पहाटे चारचा गजर सुटला म्हणून खूश आहेत, आणि ज्या घरांतून कधीच कुणी येऊ शकत नव्हतं त्या पोरांसाठी चटईचा प्रश्नच उरलेला नाही. टोपलीत चेंडू फेकण्याचा खेळ टिकून आहे. त्यात एक नवी भर पडली आहे. पहिली-दुसरीची मुलं मध्येच थांबून घाना देशातल्या एका लोकगीतावर कंबर हलवत नाचतात, गाणं थांबलं की पुन्हा चेंडूंवर तुटून पडतात. लाल किती, पांढरे किती हे मोजताना मात्र जुनीच रीत आहे. दोन्ही बाजूंचे शिक्षक टोपलीतला एकेक चेंडू वर उडवत जातात आणि सगळी शाळा मोठ्यानं आकडे म्हणते: इचि, नि, सान, शि.